कार्बन डायसल्फाइड: आगीचा धाक, विषाची हयगय

कार्बन डायसल्फाइड पाण्याखाली साठवतात. टाकीच्या तळाशी हे बिनरंगी द्रव, त्यावर पाण्याचा थर आणि त्याच्याही वर नायट्रोजन वायू, अशी मांडणी असते. हे द्रव पाण्यापेक्षा सव्वापट जड असतं आणि पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यामुळे पाणी वरच राहतं आणि खालच्या द्रवाची हवेशी गाठ पडत नाही. ती पडू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप. याची वाफ हवेत मिसळली की तिला पेटायला ठिणगीही लागत नाही. सुमारे ९० अंश सेल्सिअसला तापलेला पृष्ठभाग पुरतो. पाणी उकळतं त्याहूनही कमी तापमान हे. पाण्याच्या वाफेची उघडी नळी, तापलेलं बेअरिंग, विजेचा साधा दिवा, कशानेही भडका उडू शकतो.

रेयॉनच्या कारखान्यांत ‘सीएसटू’ या नावाने ओळखलं जाणारं हे रसायन आपल्या अंगावरच्या कपड्यांशी जोडलेलं आहे. व्हिस्कोस रेयॉनचा कुर्ता, ओढणी, कोटाचं अस्तर, भिवंडीच्या मागांवर विणलं जाणारं रेयॉनचं कापड, या सगळ्याचा धागा याच रसायनाच्या मदतीने तयार होतो. कपडा घालणाऱ्याला त्यापासून भीती नाही, कारण धाग्यातलं गंधक काढून तो नीट धुतल्यावरच कारखान्याबाहेर पडतो. भीती आहे ती धागा बनवणाऱ्याला, आणि ती दुहेरी आहे: एक आगीची, दुसरी विषाची. आग आवरली म्हणजे विषही आवरलं, असं मानत राहणं ही या धंद्याची सर्वांत जुनी आणि कामगारांना सर्वांत महागात पडलेली चूक आहे. ती का होते आणि कशी टाळता येते, हे समजून घ्यायला हवं.

आगीचं गणित

कार्बन डायसल्फाइड ४६ अंशांना उकळतं. चंद्रपूरला मे महिन्यात पारा काही वेळा तिथवर चढतो. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेटण्याजोगी वाफ तयार व्हायला लागते तो बिंदू, उणे ३० अंशांच्या आसपास आहे. आपल्या हवामानात वर्षातला कुठलाही दिवस त्याला पुरेसा गरम असतो.

त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे ही वाफ किती कमी आणि किती जास्त प्रमाणात पेटते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेटते. त्याहून दाट झाली की प्राणवायू अपुरा पडतो. कार्बन डायसल्फाइडच्या वाफेची हीच मर्यादा १.३ पासून थेट ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणूनच ‘रिकामा’ टँकर इथे सर्वांत जपून हाताळावा लागतो. तळाशी उरलेल्या थोड्याशा द्रवाची वाफ आणि आत शिरलेली हवा यांचं मिश्रण बहुतेक वेळा पेटण्याच्या टप्प्यातच असतं.

ही वाफ हवेच्या अडीचपटीहून जड असते. ती वर न जाता जमिनीलगत सरपटते, गटारात, केबलच्या चरात, पंपाच्या खड्ड्यात साचते. गळती एकीकडे आणि पेट दुसरीकडे, असं होतं आणि ज्वाळा माग काढत टाकीपर्यंत परत येते. ज्योत निळसर असते, लख्ख उजेडात चटकन दिसत नाही, आणि धुरात गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड असतो.

हाताळणीचे नियम या गुणधर्मांतूनच आले आहेत. टँकर रिकामा करायचा तर आतलं द्रव पाण्याच्या किंवा नायट्रोजनच्या दाबाने ढकलायचं, दाबाच्या हवेने कधीच नाही. वाहत्या द्रवात स्थिर वीज साठते, म्हणून टँकर, नळी आणि टाकी एकमेकांना जोडून त्यांचं अर्थिंग करायचं. भरणीची नळी तळापर्यंत पोचवायची, उंचावरून धार सोडायची नाही. विजेची उपकरणं ज्वालारोधक हवीत, हत्यारं ठिणगी न पाडणारी हवीत, आणि पाण्याच्या वाफेच्या नळ्या त्या आवारातून जाताच कामा नयेत. आग लागलीच तर पेट्रोलच्या बाबतीत कुचकामी ठरणारं पाणी इथे उपयोगी पडतं, कारण ते द्रवावर तरंगून त्याला झाकतं. पण भोवतालचं लोखंड गार होईपर्यंत पाणी चालू ठेवावं लागतं, नाहीतर तापलेल्या पत्र्याने वाफ पुन्हा पेटते. अग्निशमन जवानांना श्वसनयंत्राशिवाय जवळ जाता येत नाही.

नियम मोडले की काय होतं, याचं जुनं उदाहरण न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्याचं आहे. १३ मे १९४९ च्या सकाळी कार्बन डायसल्फाइडची ८० पिंपं घेऊन एक ट्रक नदीखालच्या त्या बोगद्यात शिरला. असा माल बोगद्यातून नेण्यास बंदी होती. एक पिंप निसटून रस्त्यावर पडलं, फुटलं आणि भडका उडाला. मागची वाहनं पेटली, छताचा काँक्रीटचा भाग कोसळला, ६६ जण जखमी झाले. आपल्याकडचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी कल्याणजवळ शहाडच्या रेयॉन कारखान्यात या रसायनाच्या टँकरचं काम चालू असताना स्फोट झाला आणि त्यात कामगारांचे जीव गेले.

अशा स्फोटाची बातमी होते, चौकशी बसते, नियमांची उजळणी होते, आणि ते व्हायलाच हवं. पण याच रसायनाने आजवर जी माणसं आवाज न करता खचवली, त्यांची अशी बातमी क्वचितच झाली.

लगद्यापासून धाग्यापर्यंत

विष नेमकं कुठे भेटतं हे कळायला धागा कसा बनतो ते पाहावं लागेल. चार्ल्स क्रॉस, एडवर्ड बेव्हन आणि क्लेटन बीडल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये व्हिस्कोसच्या कृतीचं पेटंट घेतलं. मूळ कृती आजही तीच आहे. लाकडाच्या लगद्याचे पांढरे ताव कॉस्टिक सोड्यात भिजवतात, पिळतात, त्यांचा भुगा करतात आणि काही काळ मुरू देतात. मग तो भुगा बंद, फिरत्या ड्रममध्ये कार्बन डायसल्फाइडबरोबर घुसळतात. दोन-तीन तासांत पांढऱ्या भुग्याचा रंग पालटतो आणि नारिंगी चुरा तयार होतो. हा चुरा सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखं दाट, चिकट द्रावण मिळतं. तेच व्हिस्कोस.

हे द्रावण गाळून, मुरवून स्पिनिंग खात्यात येतं. तिथे ते बारीक छिद्रांच्या चकतीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. आम्ल लागताच द्रावण गोठून धागा होतो, आणि ज्या रसायनाने लगदा विरघळवला ते पुन्हा मोकळं होऊन हवेत येतं. सोबत हायड्रोजन सल्फाइडही बाहेर पडतो.

म्हणजे पाण्याखाली, नायट्रोजनखाली जपून ठेवलेलं तेच रसायन स्पिनिंग यंत्रासमोर कामगाराच्या नाकाच्या पातळीवर मोकळं होतं. धागा तुटला की यंत्राची काच वर करायची, आत वाकायचं, धागा पकडून पुन्हा ओढून घ्यायचा. एका पाळीत हे कितीदा करावं लागतं, त्यावर त्या माणसाच्या फुप्फुसांत काय जातं ते ठरतं. घुसळणीचा ड्रम उघडून साफ करणारा आणि ओल्या धाग्याची कापणी करणारा यांनाही वाफेचा मोठा वाटा मिळतो.

शुद्ध कार्बन डायसल्फाइडला गोडसर वास असतो, कारखान्यातल्या मालाला सडक्या भाजीसारखा. पण नाक लवकरच त्या वासाला सरावतं, आणि हायड्रोजन सल्फाइड वाढला तर घ्राणशक्तीच बधिर होते. ‘आता वास येत नाही’ हे वाक्य या खात्यात दिलासा देणारं नाही.

शंभर वर्षं टाळलेलं निदान

या विषाची ओळख रेयॉनच्याही आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रबर न तापवता पक्कं करण्यासाठी हे रसायन वापरात आलं. पॅरिसमध्ये लहान, कोंदट खोल्यांत बसून कामगार रबरी फुगे त्यात बुडवून काढत. ओग्यूस्त देल्पेश या फ्रेंच डॉक्टरने १८५६ मध्ये त्यांच्या आजाराचं वर्णन केलं: डोकेदुखी, चक्कर, आधी विलक्षण उत्तेजना आणि मग खोल उदासी, भयानक स्वप्नं, विसराळूपणा, हातापायांतली ताकद जाणं, पुरुषांमध्ये नपुंसकता. इंग्लंडमध्ये थॉमस ऑलिव्हर यांनी १९०२ साली रबर कारखान्यांबद्दल लिहून ठेवलं की, वेडाच्या भरात कामगार वरच्या मजल्यावरून उड्या घेत, म्हणून खिडक्यांना गज बसवले होते. विचार करण्यासारखी गोष्ट आहे: हवा बदलण्याऐवजी खिडक्यांना गज बसले.

रेयॉन आल्यावर हेच रसायन कितीतरी मोठ्या प्रमाणात वापरात आलं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा पाया घालणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या रेयॉन कामगारांची पाहणी घडवून आणली, तेव्हा कुठे तिथल्या सरकारने या आजाराकडे नीट पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने कैद्यांना रेयॉन कारखान्यांत जुंपलं. फ्रेंच कला-इतिहासकार आन्येस अम्बेर यांना प्रतिकार चळवळीत भाग घेतल्याबद्दल शिक्षा झाली आणि क्रेफेल्डच्या रेयॉन कारखान्यात राबावं लागलं. आम्लाने सोललेली बोटं आणि वायूंमुळे दिसेनासं झालेले डोळे यांचा अनुभव त्यांनी १९४६ मध्ये छापलेल्या आठवणींत नोंदवला आहे.

तरीही सर्वांत मोठी हानी लपूनच होती, कारण ती नेहमीच्या आजाराच्या वेषात येत होती. १९६८ मध्ये टिलर, शिलिंग आणि मॉरिस या ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की रेयॉन कामगार हृदयविकाराने इतरांपेक्षा बरेच जास्त मरत आहेत. त्याच सुमारास फिनलंडमध्ये स्वेन हर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेयॉन कारखान्यातले ३४३ कामगार निवडले आणि प्रत्येकाच्या जोडीला कागद गिरणीतला एकेक कामगार धरला. पाच वर्षांत हृदयविकाराने कागद गिरणीतले ३ जण गेले, रेयॉनमधले १४.

दक्षिण कोरियाची कहाणी याहून कठोर आहे. जपानमधली जुनी रेयॉन यंत्रं १९६० च्या दशकात तिथल्या वॉनजिन रेयॉन कारखान्यात आली. १९८० च्या दशकात कामगारांना लकवा होऊ लागला, वाचा जाऊ लागली, मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. हा व्यवसायजन्य आजार आहे हे मान्य व्हावं म्हणून १९९१ मध्ये एका मृत कामगाराच्या कुटुंबाने आणि सहकाऱ्यांनी चार महिन्यांहून अधिक काळ त्याचं दफन रोखून धरलं. शेवटी ९०० हून अधिक जणांना विषबाधा झाल्याचं मान्य झालं आणि १९९३ मध्ये कारखाना बंद झाला. ती यंत्रं मात्र चीनला विकली गेली.

शरीरात काय होतं

कार्बन डायसल्फाइड मुख्यतः श्वासातून आत जातं. द्रव अंगावर सांडलं तर त्वचेतूनही. ते चरबीत सहज विरघळतं, म्हणून मेंदू आणि मज्जातंतूंपर्यंत पोचायला त्याला अडचण येत नाही. मज्जातंतूंच्या आतल्या प्रथिनांना ते एकमेकांशी जखडतं. लांबलचक तंतू जागोजागी सुजतात आणि टोकाकडून निकामी होत जातात. त्यामुळे पहिली तक्रार बहुधा पायांची असते: तळव्यांना मुंग्या, मग बधिरपणा, मग जिना चढताना पाय जड होणं. दुसरीकडे रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होत जातात. त्याचा परिणाम हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडांवर आणि डोळ्याच्या पडद्यावर होतो. स्त्रियांमध्ये पाळीच्या तक्रारी दिसतात.

यातलं एकही लक्षण ‘मी या रसायनामुळे आलो’ असं सांगत नाही. पायाला मुंग्या आल्या तर मधुमेह, छातीत दुखलं तर बिडी, चिडचिड झाली तर घरचा ताण, असं म्हणून विषय संपतो. वीस वर्षं स्पिनिंग खात्यात काढलेला माणूस निवृत्त होऊन गावी जातो, तिथे त्याला झटका येतो, आणि कारखान्याच्या नोंदवहीत त्याची ओळही उमटत नाही.

दोन धोके, दोन मोजपट्ट्या

हे सगळं कारखान्यात रोज कसं नजरेआड होतं, ते एका उपकरणातून स्पष्ट कळतं. टाकीत उतरण्याआधी किंवा वेल्डिंगचं परमिट देण्याआधी सेफ्टी विभाग एलईएल मीटर लावतो. हवेतली वाफ पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या किती टक्के आहे, हे तो मीटर दाखवतो. बऱ्याच ठिकाणी त्याचा भोंगा १० टक्क्यांना वाजतो.

आता हिशेब करू. पेटण्याची खालची मर्यादा १.३ टक्के, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १३,००० भाग. त्याचे १० टक्के म्हणजे १,३०० भाग. कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या कामासाठी दिलेली मर्यादा होती दहा लाखांत १० भाग. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ पासून ती १ भागावर आणण्याची शिफारस केली आहे. आणि ५०० भागांवर तर जिवाला तत्काळ धोका मानतात.

म्हणजे भोंगा वाजेपर्यंत माणूस कारखाने कायद्यातल्या मर्यादेच्या १३० पट विषात उभा असू शकतो, आणि मीटर तोवर ‘सुरक्षित’ म्हणत राहतो. मीटर बिघडलेला नाही. तो आगीसाठी बनवला आहे आणि आगीबद्दल खरं तेच सांगतो. चूक त्याच आकड्यावरून माणसाचं आरोग्य ठरवणाऱ्याची आहे. ही चूक इतकी वर्षं टिकली त्याचं कारणही उघड आहे. आग इमारत, यंत्रं, माल आणि विमा या सगळ्याला हात घालते, म्हणून तिच्यावर खर्च करणं परवडतं. विष एकेका शरीरात, वर्षानुवर्षं मुरतं आणि त्याचा खर्च कामगाराचं घर सोसतं. कंत्राटी कामगार असेल तर तो खर्च आणखी अदृश्य होतो, कारण आजार उमटेपर्यंत तो दुसऱ्याच दारात कामाला असतो.

काय करायला हवं

पहिली गोष्ट, वाफ कामगारापर्यंत पोचूच द्यायची नाही. स्पिनिंग यंत्र पूर्ण बंदिस्त हवं, काच उघडली तरी आतली हवा बाहेर न येता आत ओढली जाईल इतकं शोषण हवं. ओढलेल्या हवेतून कार्बन डायसल्फाइड थंड करून किंवा सक्रिय कोळशावर धरून परत मिळवता येतं, आणि कारखान्याला ते पुन्हा वापरता येतं.

दुसरी गोष्ट, मोजणी माणसाच्या श्वासाजवळ हवी. भिंतीवरच्या यंत्राबरोबरच कामगाराच्या कॉलरवर नमुना घेणारी नळी लावून पूर्ण पाळीची सरासरी काढली पाहिजे. पाळीच्या शेवटी लघवीत टीटीसीए हा घटक तपासला की शरीरात किती विष गेलं याचा अंदाज येतो. हे आकडे त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजेत.

तिसरी गोष्ट, संरक्षणाची साधनं योग्य हवीत. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क ही वाफ अजिबात अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क ठरावीक प्रमाणापर्यंत आणि ठरावीक वेळच चालतो. टाकीत उतरायचं तर हवेचा स्वतंत्र पुरवठाच लागतो. साध्या रबरी हातमोज्यातून हे द्रव थोड्याच वेळात पार होतं. व्हायटॉनसारख्या खास साहित्याचे मोजे लागतात. कुणी बेशुद्ध पडला तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे धावून जायचं नाही. बाहेर काढल्यावर भिजलेले कपडे लगेच उतरवायचे, कारण ते विषारीही आहेत आणि पेटणारेही. अंग आणि डोळे भरपूर पाण्याने धुवायचे, प्राणवायू द्यायचा. या विषावर उतारा नाही.

चौथी गोष्ट डॉक्टरांची. रेयॉन कारखान्याच्या परिसरात दवाखाना असलेल्या प्रत्येक डॉक्टरने मुंग्या, निद्रानाश, वाढलेला रक्तदाब, छातीतली कळ घेऊन आलेल्या रुग्णाला विचारावं: कुठल्या खात्यात काम करता, किती वर्षं? या विषबाधेची नोंद कायद्याच्या अधिसूचित आजारांत आहे. संशय आला तर कारखाने निरीक्षकांना कळवणं ही डॉक्टरची कायदेशीर जबाबदारी आहे. महाराष्ट्रात कारखाने निरीक्षणाचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम देण्याआधीही हा प्रश्न विचारावा, कारण त्या औषधातून शरीरात कार्बन डायसल्फाइडच तयार होतं.

धागा बनवण्याचा दुसरा मार्गही आहे. लायोसेल नावाचा धागा लाकडाच्या लगद्यापासूनच, पण कार्बन डायसल्फाइड न वापरता, वेगळ्या द्रावकात विरघळवून करतात आणि तो द्रावक जवळपास पूर्णपणे परत मिळवतात. तो महाग पडतो, म्हणून व्हिस्कोस लगेच जाणार नाही. नाशिकच्या द्राक्षबागांवर फवारल्या जाणाऱ्या मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकांच्या निर्मितीतही हेच रसायन लागतं. तेव्हा त्याच्यासोबत अजून बरीच वर्षं काढायची आहेत.

ती नीट काढता येतात, हे फिनलंडने सिद्ध केलं. १९७२ मध्ये तिथे हवेतली मर्यादा दहा लाखांत १० भागांवर आणली गेली, आणि ज्यांच्या हृदयाला धोका दिसत होता अशा कामगारांना त्या खात्यातून हलवलं गेलं. आधी त्या ३४३ जणांचा हृदयविकाराने मरण्याचा धोका जोडीदारांच्या ४.७ पट होता. पुढच्या वर्षांत तो जोडीदारांच्या बरोबरीला आला. त्यासाठी नवं औषध लागलं नाही, नवा शोधही लागला नाही. हवा मोजली, ती स्वच्छ केली आणि माणसांवर लक्ष ठेवलं, एवढंच केलं. आपल्या प्रत्येक रेयॉन कारखान्याच्या सुरक्षा अहवालात एलईएलच्या आकड्याशेजारी स्पिनिंग खात्यातल्या श्वासाचा आकडाही छापला जावा, आणि निवृत्त व कंत्राटी कामगारांची तपासणी काम सुटल्यावरही चालू राहावी. कामगार संघटनांनी, निरीक्षकांनी आणि कामगारांच्या घरच्यांनी हे दोन आकडे मागायला आजपासून सुरुवात करावी.